बेडकाच्या पेटीतली काळी माती

कुजलेल्या मुळांचा वास आला की लेकीची बेडकाची काचपेटी आठवते. तिने ब्रोमेलियाडचं रोप आणलं होतं; त्याच्या पानांमधल्या खळग्यात पाणी साचतं आणि बेडूक त्यात बसून राहतो. “मम्मी, याला माती नको, नारळाची सालं नि कोळसा लागतो,” ती सांगत होती. “आपल्या खान्देशच्या काळ्या मातीत काय येत नाही गं?” म्हणत मी गावाहून आणलेली माती दाबून भरली. पंधरा दिवसांत बुंधा सडला. मी हट्टाने दुसरं रोप त्याच मातीत लावलं, तेही सडलं. बेडकाने खाणं सोडलं, तशी लेकीने तो पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या मैत्रिणीला देऊन टाकला. उरलेल्या मातीत मी आता गॅलरीत मेथी लावते, ती छान येते. लेक भाजी मुकाट्याने खाते. एकदा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.