हौदाकडची खिडकी

माघ महिनाभर आई पहाटे काशीच्या पंचगंगा घाटावर नहायला जायची. बाबा सोबतीला जात, पण फक्त वरच्या पायऱ्यांपर्यंत. तिची शाल हातात घेऊन ते तिथल्या मशिदीच्या भिंतीपाशी थांबत, नदीकडे पाठ करून. खाली धुक्यात माणसं छातीइतक्या पाण्यात उभी असायची, कुणी मंत्र पुटपुटत, कुणी नुसतं कुडकुडत. आई ओल्या केसांनी वर आली की बाबा शाल तिच्या खांद्यावर टाकून म्हणत, "इतका वेळ कशाला?" त्यांचा आवाज रागावल्यासारखा नसे, घाबरल्यासारखा असे. यांचे गुडघे दुखतात म्हणून उतरत नाहीत, असं आई शेजारणींना सांगायची. मीही तेच समजत होते.

काशी आईची. तिचे वडील इथल्या पाठशाळेत शिकवायचे. बाबा साताऱ्याकडचे, सगळी उमर फौजेत गेली. कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर आईच्या मनाप्रमाणे आम्ही संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांच्यापुढची गच्ची भाड्याने घेतली. मी मुलींच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. गल्लीतला पानवाला बाबांना 'कर्नल साहब' म्हणून हाक मारी. बाबा हात वर करत, पण थांबत नसत.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता. आमच्या गल्लीतले उपाध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची सोय करायचे. त्यांनी एका माणसाला वर पाठवलं. साठीकडे झुकलेला, नुकताच डोक्याचा गोटा केलेला, पांढरा सदरा, बगलेत कापडी पिशवी. दारात तो टाचा जुळवून उभा राहिला.

"साहेब हाईत का, ताई? उपाध्यांनी सांगितलं, तुमच्या पलटणीतलं कर्नलसाहेब हितंच राहत्यात."

बाबा गच्चीवर उन्हात पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि इतक्या घाईने उठले की पेपर खाली पडला.

"सुभेदार," ते म्हणाले.

"सुभेदार कुठला, साहेब. ते तवाच गेलं."

मी कधी कुठल्या सुभेदाराचं नाव ऐकलं नव्हतं. आईने मात्र त्याला ओळखलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना, भाऊ. कसं येणं केलंत?" त्याची बायको गेली होती. अस्थी घेऊन आला होता, आदल्या दिवशी सोडल्या होत्या. आई चहा ठेवायला आत गेली. बाबांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः गच्चीच्या कठड्यावर टेकले. बराच वेळ दोघं कुणाकुणाच्या बदल्या, कोण कुठे असतो, असंच बोलत राहिले.

पुढचं सांगण्याआधी, मला तेव्हा जे ठाऊक होतं ते सांगते. एकाहत्तरच्या लढाईनंतर पकडलेल्या सैनिकांना ठेवण्यासाठी ठिकठिकाणी छावण्या उघडल्या होत्या. तशा एका छावणीचे बाबा प्रमुख होते. आई त्यांच्याबरोबर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायची. मी होस्टेलवर होते, सुट्टीत जायचे. लांबून तारेचं कुंपण दिसायचं, आणि कैद्यांनी बराकीपुढे लावलेली झेंडूची झाडं. बाबा कैद्यांना वेळेवर पत्रं देतात, त्यांच्या सणाला गोड करतात, हे मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. तेही खरंच होतं.

जे ठाऊक नव्हतं ते त्या दुपारी कळलं. एका जानेवारीत बराकीखाली भुयार सापडलं. बाहेर कुणी पडलं नव्हतं. तिघांवर संशय होता. आणखी कोण सामील आहे हे वदवून घेण्यासाठी सुभेदाराने त्या तिघांना आवारातल्या हौदात, कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. सूर्य मावळल्यावरही त्यांना बाहेर काढलं नाही. तिघांपैकी एक विशीतला होता, त्यांच्या फौजेतला टायपिस्ट. त्याला न्यूमोनिया झाला आणि तो इस्पितळात दगावला. चौकशी बसली. सुभेदाराची नोकरी गेली, पेन्शन गेली. आपण असा कुठलाही हुकूम दिला नव्हता, अशी साक्ष बाबांनी दिली. बाबांवर ठपका आला नाही.

चहाचे कप रिकामे झाल्यावर बाबांनीच तो विषय काढला.

"चौकशीत तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?"

"काय म्हनून घेनार, साहेब? तुमी बोललात काय? 'मला पुन्हा असं दिसता कामा नये, कसं ते तुम्ही बघून घ्या.' एवढंच बोललात. ह्याच्यात हुकूम कुठं हाय?"

"पण तुम्हाला काय समजलं त्यातून?"

तो थोडा वेळ गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिला. "तुमच्या मनात जे व्हतं तेच समजलं. इतकी वर्सं तुमच्या हाताखाली काढली. तेवढं बी समजू नये?" मग म्हणाला, "पर हौद माझ्या डोक्यातून निघाला. माझा धाकटा भाऊ त्या लढाईत गेला व्हता. ते पोरगं थरथरत व्हतं आनि मला बरं वाटत व्हतं. हे मी तुमच्या माथी मारनार न्हाई."

बाबांनी खाली पडलेला पेपर उचलून त्याची घडी घातली.

"फकस्त येक इचारायचं व्हतं. हौदातनं तुमच्या क्वार्टरची खिडकी सरळ दिसायची. मला वाटत व्हतं, साहेब बघत्याल आनि खाली येत्याल. आले तर मी तवाच सोडनार व्हतो. सांजच्याला वर बघितलं तर पडदा ओढलेला."

"मी ओढला होता," बाबा म्हणाले.

"आवाज येत व्हता?"

"येत होता."

आई मागे उभी होती. तिच्या हातात ताट होतं, त्यात कापलेले पेरू. ती अगदी हळू म्हणाली, "मला म्हणालात, वारं येतंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आईने ताट कठड्यावर ठेवलं आणि ती आत गेली. मी तिच्या मागे गेले, तर ती परातीत कणीक काढत होती. पाहुणा जेवल्याशिवाय जायचा नाही, एवढंच मला म्हणाली. ते जेवण मला अजून आठवतं. वांग्याची भाजी, पोळ्या, आणि चौघांपैकी कुणीच वर न बघणं.

निघताना त्याने पायात चपला सरकवल्या आणि विचारलं, "साहेब, तुमाला झोप लागती का?"

"नाही लागत."

"मला लागती," तो म्हणाला. "मला शिक्षा झाली."

त्याच्या बोलण्यात कुजकटपणा नव्हता. एखाद्याने तब्येतीची चौकशी करावी तसं त्याने विचारलं होतं, आणि तसंच उत्तर दिलं. तो जिना उतरून गेला. त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्यानंतर आई-बाबांमध्ये भांडण झालं नाही. झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. आई घरातल्या खिडक्या उघड्या टाकायला लागली, धूळ येवो, माकडं येवोत. बाबा एकही बंद करत नसत. एकदा माकडाने आईची पोथी पळवून फाडली, तरी ती खिडकी तशीच राहिली.

महिन्याभराने बाबा मला म्हणाले, "लखनौला जायचंय. येतेस?" तिथे त्यांचे त्या वेळचे वरिष्ठ राहत होते. अशा कितीतरी छावण्या त्यांच्या हाताखाली होत्या. भुयार सापडलं त्या सकाळी त्यांनीच बाबांना फोन केला होता, हे बाबांनी मला गाडीत सांगितलं.

"काय म्हणाले होते?"

"मी सुभेदाराला जे म्हणालो, तेच. शब्द इंग्रजी होते, इतकंच."

"मग तुम्ही काय करायला हवं होतं, बाबा?"

"तो फोन माझ्यापाशी थांबायला हवा होता," ते म्हणाले. "मी तो पुढे दिला."

वरिष्ठांचा बंगला टुमदार होता. ते उंच, गोरे, अतिशय प्रेमळ. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम आतून बर्फी मागवली. बाबांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सुभेदाराला एकट्याला दोषी धरणं चूक होतं, आपण दोघांनी तसं वर सांगावं, म्हणजे निदान त्याची पेन्शन तरी सुरू होईल, असं बाबा सांगत होते.

"मला असा फोन आठवत नाही," वरिष्ठ म्हणाले. "केला असेलही. भुयार सापडल्यावर बंदोबस्ताबद्दल बोलणं माझं कामच होतं. त्यात गैर काय?"

"सर, एक मुलगा मेला."

"वाईट झालं. फार वाईट. पण मी कुणाला पाण्यात उभं करायला सांगितलं होतं का? तू सांगितलं होतंस का?"

"नाही."

"झालं तर मग." त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर थोपटलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे वडील पहिल्यापासून हळवे. माझ्या हाताखालचा सर्वांत सज्जन अधिकारी."

ते आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि वाटेत त्यांनी गुलाबाची कलमं दाखवली. बाबा प्रत्येक झाडापाशी थांबून नीट बघत होते. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "साक्ष देताना मी हेच बोललो होतो. अगदी याच आवाजात." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्यांचा हात धरला. तो गार होता. धरून ठेवला, तरी ऊब आली नाही.

परत आल्यावर त्यांनी एकट्यानेच फौजेच्या कार्यालयात लेखी कळवलं की जबाबदारी माझी होती. उत्तर यायला उशीर लागला. प्रकरण पूर्वीच निकाली निघालं आहे, असं त्यात होतं. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लपवत नाही. बाबांना शिक्षा व्हावी असं कुठल्या मुलीला वाटेल? पण बाबा जेवायला बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मला जाब विचारायला कुणी तयारच नाही."

त्यांनी सुभेदाराच्या गावी जाण्याचाही विचार केला होता. उपाध्यांकडून पत्ता काढेपर्यंत कळलं, तो वारला होता.

त्यानंतर बाबांना कैद्याचा चेहरा दिसायचा की काय, ते मी कधी विचारलं नाही. पण ते बोलता बोलता मध्येच थांबत आणि कानोसा घेत, खाली कुणी हाक मारतंय का म्हणून. मी कठड्यावरून वाकून बघायचे. गल्ली रिकामी असायची. "कुणी नाही, बाबा," म्हणायचे. ते मान हलवत, पण त्यांना ते पटलेलं नसे.

बाबा एका उन्हाळ्यात गेले, झोपेतच, आजारी न पडता. शहरातले माजी सैनिक पुष्पचक्र घेऊन आले. आमची गल्ली इतकी अरुंद की ते चक्र उभं धरून आणावं लागलं. तिरंगा घालायचा का, म्हणून त्यांनी आईला विचारलं. बाबांनी तिला आधीच नको म्हणून सांगून ठेवलं होतं. तिने तसं सांगितलं, कारण दिलं नाही. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी हात जोडले आणि सगळे मागे सरले. माझा मामेभाऊ पुढे झाला, आणि पुरुष मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे निघाले.

घरात आम्ही दोघीच उरलो. शेजारीण चहा देऊन गेली, तो तसाच निवला. आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता रडेल.

"त्या मुलाची आई माझ्याच वयाची असेल," ती म्हणाली.

कुठल्या मुलाची, हे मला विचारावं लागलं नाही.

"तिला काय कळवलं असेल?"

"आजारी पडून गेला, असंच कळवलं असेल," मी म्हणाले.

आईने निवलेला चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "ते खोटं नाही," आणि उठून बाबांचे वाळत घातलेले कपडे आत आणायला गच्चीवर गेली.