डावं टोक

“सातही जण चांगले कसे? कर्व्ह बसत नाही,” असं म्हणून एचआरच्या मॅडमनी अप्रेझलचं शीट परत केलं. आमचे मॅनेजर माझ्याकडे वळले. “तुम्ही स्टॅटिस्टिक्सवाले. समजवा त्यांना.”

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हजार पिना मोजल्या, तर बहुतेक मधल्या मापाजवळ येतात. फार जाड, फार बारीक थोड्याच. आलेख घंटेसारखा दिसतो. हेच नॉर्मल डिस्ट्रिब्युशन. एकमेकांशी संबंध नसलेली पुष्कळ बारीक कारणं एकत्र आली, की हा आकार आपोआप येतो. पारखून घेतलेल्या सात माणसांत तो कुठून येणार?

“ते कॉलेजात,” मॅडम म्हणाल्या. “तळाला एक नाव लागेलच.”

मग आम्ही पाळी लावली. दर वर्षी एकजण तळाला. इन्क्रिमेंट कमी, बाकी काही नाही. आलेखात सगळ्यात कमी आकडे डावीकडे येतात, म्हणून चहाला त्याला ‘डावं टोक’ म्हणायचे.

गेल्या वर्षी पाळी माझी होती. अप्रेझलच्या तोंडावर माझी बायको गेली. तेराव्यानंतर कामावर आलो, तर कदम वाट बघत उभा. फुलंब्रीहून येणारा आमचा इन्स्पेक्टर. त्याच्या हातून खराब पीस कधी सुटला नाही.

“साहेब, यंदा तळाला माझं नाव टाकायला मॅनेजरसाहेबांना सांगितलंय.”

“पाळी माझी आहे, कदम.”

“व्हय, पण वहिनी गेल्या. त्यात हे कशाला? पुढच्या साली तुम्ही जा की.”

थोड्याच दिवसांत ऑर्डरी घटल्या. हेड ऑफिसचा मेल आला: तळाच्या श्रेणीतले सगळे कामावरून कमी करा.

मी मॅडमकडे गेलो. “ती पाळी होती. मोजमाप नव्हतं.”

“म्हणजे आकडे खोटे होते?”

मॅनेजर शेजारीच बसले होते. सही त्यांची होती. ते मोबाइल चाळू लागले.

“आकडे तुम्ही मागितलेल्या आकाराचे होते. कदमच्या जागी माझं नाव घाला.”

“शीट लॉक झालंय.”

जाताना कदमनं जाडी मोजायचा त्याचा मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. “झीरो बघून घ्या, साहेब.” रिकामाच बंद करून पाहिला; झीरो अचूक होता.

यंदा तळाला मी आहे. कोणालाच काढलेलं नाही. सहा जणांत कर्व्ह छान बसला, असा मॅडमचा मेल आलाय. आकार आधी ठरवून आकडे भरले, की आलेख नेहमीच सुबक येतो. कदम डावीकडे का होता, तेवढं त्यात दिसत नाही.