अण्णांचा हात कुठवर सरळ होतो

दत्ताराम घाडी, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा, यांची आणि माझी ओळख चुकीच्या पार्सलामुळे झाली. मी तेव्हा घरोघर पार्सलं पोचवायचं काम करत होतो. भोईवाड्यातल्या त्या चाळीत 'घाडी' आडनावाची इतकी घरं निघाली की मी वैतागून जिन्यातच बसकण मारली. तेवढ्यात वरून एक गृहस्थ उतरले. पार्सल त्यांचं नव्हतं. पण त्यांनी खोक्यावरचं नाव वाचायच्या आधी माझा हात हातात घेतला, बोटं उलगडून पाहिली आणि म्हणाले, "एवढी लांब बोटं घेऊन खोकी वाटत फिरतंस काय मेल्या? ऑफ-स्पिन टाक की."

ते कोण आहेत हे मला खाली चहाच्या टपरीवर कळलं. तेही दोन प्रकारे. टपरीवाला म्हणाला, "घाडी अण्णा? अरे, काय बॉलर होता माणूस!" आणि शेजारी ब्रून मस्का खात बसलेला इसम मान वर न करता म्हणाला, "बट्टा."

हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. गल्लीत कोणी चेंडू हात फिरवून न टाकता दगडासारखा भिरकावला की पोरं ओरडतात, "बट्टा टाकतोय!" तोच शब्द नावाला लागला की त्याचा अर्थ काय होतो, तेही मराठी माणसाला सांगायला नको. अण्णांच्या वाट्याला दोन्ही अर्थ एकदम आले.

हा लेख मला लिहायला सांगितला त्यालाही हेच कारण. माझी लायकी हे कारण नव्हे, बारावी मी धड पुरी केलेली नाही. पण अण्णांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीत दोन तट. अण्णांना मानणाऱ्यांनी लिहिलं तर दुसरे वाचणार नाहीत, आणि दुसऱ्यांनी लिहिलं तर पहिले पुस्तक फाडतील. शेवटी मासळीचे व्यापारी बाबी तांडेल, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि सगळ्यात कडवे पाठीराखे, माझ्याकडे वळले. "निल्या, तू अण्णाला खेळताना बघितलंयस?"

"नाही काका."

"व्हिडिओ?"

"व्हिडिओ कुठेय त्यांचा?"

"मग तूच लिही. तुझं डोकं साफ आहे. म्हणजे रिकामं."

तर रिकाम्या डोक्याने, जे ऐकलं ते आधी सांगतो आणि जे पाहिलं ते नंतर.

अण्णा परळच्या एका मिलच्या संघातून खेळायला लागले आणि तिथून मुंबईच्या संघापर्यंत गेले. त्यांचा चेंडू टप्पा पडेपर्यंत सभ्य माणसासारखा यायचा आणि मग फलंदाजाला ओळखच द्यायचा नाही, असं सांगतात. मिल सुटली की कामगार थेट मैदानावर यायचे, डब्यासकट. हे खरं असणार. कारण लालबागला एका घरात मंडपाचं सामान उतरवायला गेलो होतो, तिथल्या आजींनी क्रिकेटमधलं काहीही माहीत नसताना मला विचारलं होतं, "घाडीचा चेंडू वळतो का रे अजून?" जणू गुडघ्याची चौकशी करावी तशी.

मग मुंबईकडून खेळलेला तो अंतिम सामना. स्क्वेअर लेगला पंच होते मनोहर पेडणेकर. अण्णांनी चेंडू टाकला आणि पेडणेकरांनी हात आडवा केला: नो-बॉल. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. त्यांचं म्हणणं, घाडी चेंडू फेकतात. अण्णांनी कप्तानाकडे पाहिलं नाही, पंचांकडेही नाही. षटक पुरं करणं भाग होतं, म्हणून उरलेले चेंडू त्यांनी नेहमीचा ऑफ-स्पिन सोडून लेग-स्पिन टाकले, टोपी परत घेतली, आणि पेडणेकरांना "थँक्यू" म्हणून सीमारेषेकडे गेले. त्यानंतर मुंबईच्या संघात त्यांचं नाव कधी आलं नाही.

इथे नियम थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोलंदाजाचा हात कोपरात वाकलेला असला तरी चालतो. चेंडू सोडताना तो वाकलेला हात झटक्याने सरळ झाला, तर ती फेकी. तांडेल काका वर्षानुवर्षं सांगत आले, "अण्णा लहानपणी गावाला जांभळीवरून पडला. तेव्हापासून कोपर असंच आहे. जो हात सरळ होतच नाही, तो माणूस फेकणार कसा?" त्यावर दुसरी बाजू म्हणायची, "मग भर उन्हात मनगटापर्यंत बटण लावून पूर्ण बाह्यांचा शर्ट कशाला? लपवायलाच ना?" तांडेल काका आणि पेडणेकर एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर राहतात. पण गणपतीच्या मंडपात एक डावीकडे बसणार, दुसरे उजवीकडे, आणि मध्ये बिचारा गणपती.

स्वतः अण्णा यावर एक अक्षर बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चहा गार होतोय."

निवृत्तीनंतर अण्णा कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरांना शिकवू लागले. फी नाही, गणवेश नाही. अट एकच: पंचाला उलट बोलायचं नाही. मीही तिथे जाऊ लागलो. आमच्यातल्या एकाने पायचीत दिल्यावर पंचाला शिवी घातली. अण्णांनी त्याला बाहेर काढलं नाही. पुढच्या रविवारी पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दिवसभर त्यालाच पंच म्हणून उभं केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही संघांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तो रडकुंडीला आला तेव्हा अण्णा म्हणाले, "पंच काय देव नाय रे. पण तो तिथे एकटा असतो. आपण अकरा असतो." ज्यांची कारकीर्द एका पंचाच्या हातवाऱ्याने संपली, ते हे बोलत होते.

माझ्यावरही त्यांचे उपकार आहेत. माझं एका जागी मन लागत नाही. मध्येच मी एका टेम्पोवर क्लीनर म्हणून गोव्याला गेलो, तिथून कारवारला, तिथे एका होडीवर... ते असो. कित्येक महिन्यांनी परत आलो तर अण्णांनी कुठे होतास, का गेलास, काही विचारलं नाही. चेंडू माझ्याकडे टाकला आणि म्हणाले, "बोटं कडक झाली असतील. गरम पाण्यात बुडव." नंतर आईकडून कळलं की मी नसताना ते घरी चक्कर मारायचे. तिला सांगायचे, "वहिनी, तो फिरतोय. बिघडलेला नाही. दोन्हीत फरक आहे." हा फरक तोवर मलाही माहीत नव्हता.

आता जे मी डोळ्यांनी पाहिलं ते.

या वर्षी सरावाच्या वेळी अण्णांचा पाय चेंडूवर पडला आणि ते उजव्या कोपरावर आपटले. हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर आखडून लाकूड झालं होतं. हात तोंडापर्यंत जाईना, खाली सुटेना. काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, भरवायला गेल्या की ते मान फिरवायचे आणि डाव्या हाताने चमच्याने भात सांडत जेवायचे. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने हात मोकळा होईल, पण या वयात खात्री देता येत नाही. पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता येणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. चेंडूचं तर कोणी नावच काढत नव्हतं.

परळच्या हॉस्पिटलात व्यायामाला त्यांना मी आणि तांडेल काका नेत असू. रोज थोडा थोडा फरक पडत होता. एका सकाळी व्यायाम घेणाऱ्या नेहमीच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी नवीन मुलगी होती, रत्नागिरीकडची, तरतरीत. काकू खाली केसपेपरच्या रांगेत उभ्या. आणि हॉलच्या कोपऱ्यात, जागच्या जागी चालवायच्या सायकलवर, गुडघ्याचा व्यायाम करत मनोहर पेडणेकर बसले होते.

तांडेल काकांनी मला कोपर मारलं. "हा इथं काय करतोय?"

"सायकल चालवतायत."

"दिसतंय मला. पोचणार कुठं?"

त्या मुलीने अण्णांच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली. सायकलचा आवाज थांबला.

"आजोबा, आधी डावा हात सरळ करा." डावा काठीसारखा सरळ झाला. "छान. आता उजवा." उजवा उलगडत आला आणि एका जागी अडला. तिने कोन मोजायची पट्टी लावली. "आपल्याला डाव्यासारखा करायचाय. थोडं दुखेल हं." तिने मनगट धरून दाब दिला. अण्णांच्या कपाळावर घाम आला. ओठ घट्ट मिटलेले.

आणि तांडेल काका, ज्यांनी आयुष्यभर 'हा हात सरळ होतच नाही' म्हणून मित्रांशी, जावयाशी, गिऱ्हाइकांशी भांडणं केली, ते तिच्या बाजूला वाकून म्हणत होते, "होतोय! अण्णा, होतोय बघ! अजून थोडा! पूर्ण होणार!" त्यांना त्या क्षणी काहीच आठवत नव्हतं. मित्राचा हात बरा व्हावा, बस.

ती म्हणाली, "आजोबा, पडायच्या आधी हा हात पूर्ण सरळ व्हायचा ना?"

अण्णा तिच्या पट्टीकडे पाहू लागले.

"सांगा ना. म्हणजे मला कळेल किती ताणायचं."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. तिने पुन्हा दाब दिला आणि अण्णांच्या घशातून दबका आवाज निघाला.

"सोडा! ताई, सोडा त्यांना!"

पेडणेकर सायकलवरून उतरले होते. लंगडत पुढे आले, अण्णांच्या कोपराकडे बोट दाखवलं. "तो एवढाच सरळ होतो. यापुढे जात नाही. आधीपासूनच."

"तुम्ही नातेवाईक का?"

"नाही. मी पंच."

तिला अर्थातच काही कळलं नाही. "पण तुम्हाला कसं माहीत?"

"अख्खा सामना मी दुसरं काही पाहिलं नाही, ताई. झाला आहे त्यांचा हात बरा. तुमचं काम झालंय."

तिने मनगट सोडलं. मग पट्टीकडे पाहिलं, म्हणाली, "मग आता उलट वाकवा, तोंडापर्यंत." अण्णांनी हात दुमडला. बोटं ओठांना लागली. एकदा, दोनदा. तिने आपल्या डब्यातली चपाती मोडून त्यांच्या हातात दिली आणि अण्णांनी तो घास उजव्या हाताने खाल्ला. मला वाटतं आम्ही सगळ्यांनीच तो गिळला.

तांडेल काकांनी डोळे पुसले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा, थांबा! पेडणेकर, तुम्ही आत्ता काय बोललात? हात सरळ होत नाही? ऐकलंस, निल्या? पंच स्वतः बोलला!"

"पूर्ण सरळ होत नाही म्हणालो," पेडणेकर म्हणाले. "पण चेंडू टाकताना तो याहून जास्त वाकलेला असायचा आणि इथपर्यंत यायचा. तेवढी फेकीच. नो-बॉल तो नो-बॉलच."

"मग हे 'इथपर्यंत' एवढी वर्षं का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कोणी? सगळे सांगतच होते."

आवाज इतके चढले की काकू धापा टाकत वर आल्या. "अरे मेल्यांनो, ह्या हॉस्पिटल आसा, मैदान नाय!" मग त्यांचं लक्ष अण्णांच्या हातातल्या चपातीच्या तुकड्याकडे गेलं, आणि त्या बाकावर बसून पदराने तोंड झाकून रडू लागल्या. भांडण आपोआप थांबलं. लिफ्टमध्ये पुन्हा सुरू झालं.

टॅक्सीत मी अण्णांना विचारलं, "एवढं दुखत होतं, सांगायचं ना, हात मुळातच तसा आहे म्हणून."

त्यांनी उजवी बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. "आपला हात आपणच लोकांसमोर पसरायचा? भीक मागतात तसा?" मग म्हणाले, "पेडणेकर चांगला पंच होता. चुकला असेल. पण बघत होता."

त्या दिवसापासून आम्हा दोन्ही तटांच्या छातीवरचा दगड उतरला आहे. वाद संपला असं कोणी समजू नये. पण गणपतीत आता तांडेल काका आणि पेडणेकर शेजारी शेजारी बसतात, कारण मधून गणपती असला की एकमेकांना नीट ऐकू येत नाही. अण्णा समोर बसून उजव्या हाताने मोदक खातात. कोणाच्या बाजूने ते अजूनही सांगत नाहीत.

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसासाठी मागणं मागताना हात आखडता घेऊ नये म्हणतात. पण मी नेमकंच मागतो. अण्णा, तुमचा हात जेवढा सरळ होतो तेवढा होत राहो, जेवढा वाकतो तेवढा वाकत राहो. काकूंच्या हातची आमटी तुम्ही स्वतःच्या हाताने भुरकत राहा. शंभरी गाठा, आणि तीही धडधाकट. हा वाद मिटायची आम्हाला कुणालाच घाई नाही.