सात चुकांची रोवणी

चिखलणी झालेल्या भाताच्या बांधीचा उबट वास आला, की मला इंग्रजीचा तास आठवतो आणि त्याच्या मागोमाग राग. सिहोऱ्याच्या शाळेत आमचे सर सारख्या उच्चाराच्या शब्दांची परीक्षा नेमकी रोवणीच्या दिवसांत घेत. 'वीक' म्हणजे आठवडा आणि 'वीक' म्हणजे अशक्त, 'टेल' म्हणजे शेपूट आणि 'टेल' म्हणजे गोष्ट; स्पेलिंगांची अदलाबदल झाली, की शिक्षा म्हणून सरांच्या बांधीत दिवसभर धान रोवायचे. श्रावणातल्या ओलसर उन्हात, गुडघाभर चिखलात वाकून मी एकेक रोप खोचत असे आणि सर बांधीच्या कडेला कोरड्या धुऱ्यावर छत्री धरून बसलेले असत. हा माणूस एक दिवस माझ्या बांधीत वाकलेला पाहीन, अशी मी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

त्या सुडानेच मला इंग्रजी शिकवले. आता गावात माझी शिकवणी आहे. मुलींना मी सांगते, उच्चारावर जाऊ नका, शेजारचे शब्द बघा. वार-तारखांत बसलेला 'वीक' आठवड्याचा, आजारपणात सापडलेला अशक्ताचा. यंदा सरांची नात शिकवणीला आली. रोवणीच्या तोंडावर मी चाचणी घेतली. दिवस मुद्दाम निवडला होता, हे कबूल करते. तिचे सात शब्द चुकले.

सर तिला न्यायला आले, तेव्हा मी म्हटले, "उद्या हिले माह्या बांधीत रोवण्याले पाठवा, सर. आपल्या शाळेची रीतच हाय ते."

त्यांनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"पोरीले कायले? मी येतो," ते म्हणाले.

आणि सत्तरी ओलांडलेले सर खरोखरच आले. मी धुऱ्यावर बसून राहिले. साचलेल्या पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, सर कंबरेवर हात ठेवून पुनःपुन्हा थांबत होते आणि मला बरे वाटत होते, खोटे कशाला सांगू.

दुसऱ्या सकाळी पाहते तर त्यांनी रोवलेली सगळी रोपे सुटून पाण्यावर तरंगत होती. आम्हाला इतकी वर्षे रोवायला लावणाऱ्या माणसाने स्वतः कधी चिखलात हात घातलाच नव्हता. मूळ किती खोल खोचावे, अंगठा कुठे दाबावा, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी एकटीच हसले. मग पदर खोचून खाली उतरले, कारण धान माझे होते. हात आपसूक, झरझर चालू लागले, आणि हे कसब त्यांच्याच बांधीत आले, हे ध्यानात येताच मी आणखी चिडले. एवढे करून वाकलेली मीच होते.