लिटल अंदमानला आम्ही दोघं

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की बाकीच्या बायका वळसा घालून जातात. मी ते उचलून कचऱ्यात टाकते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण कुणाला तरी सांगायला हवं... आणि घरात ऐकायला कुणी नाही.

मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहते. सातिवलीच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये अकाउंट्स बघते. माझा नवरा सुहास मूळचा वसईजवळच्याच उमेळ्याचा, पानवेलींच्या वाडीत वाढलेला. आम्हाला मूलबाळ नाही. लग्न झाल्यापासून त्याचं एकच वेड — अंदमान. तेही सगळे जातात ते नाही, थेट खालचं लिटल अंदमान. सरकारी बोटीने जायचं, कुणाच्या तरी घरातली स्वस्त खोली घ्यायची आणि नुसतं समुद्रासमोर पडून राहायचं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. सासऱ्यांचं आजारपण, मग लॉकडाऊन, मग सुहासचंच हृदय. गेल्याच्या गेल्या वर्षी, गणपतीत, तो गेला.

या फेब्रुवारीत मी एकटीच निघाले. बहीण म्हणत होती, निदान ग्रुप टूर तरी घे. पण मला त्याच्याच पद्धतीने जायचं होतं. बोटीत शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर सॅक ठेवली, मग का कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली.

खोली आधी ठरवलेली नव्हती. जेट्टीवरच्या रिक्षावाल्याने एका बंगाली कुटुंबाकडे नेऊन सोडलं. लख्ख दुपार होती. अंगणात सुपारीची झाडं, मागे समुद्र. माझ्याच वयाची एक बाई पायरीवर बसून मासे साफ करत होती. तिने वर बघितलं, ओळखीचं हसली आणि म्हणाली,

"आ गईं दीदी? इस बार दादा नहीं आए?"

मी म्हटलं, तुमची काहीतरी गल्लत होतेय, मी पहिल्यांदाच येतेय. ती थट्टा समजली. मागच्या वर्षी माघात, सरस्वती पूजेला तुम्ही दोघं याच खोलीत राहिलात की, म्हणाली. मग चहा घेऊन आली — बिनसाखरेचा. मी काही सांगितलं नव्हतं. बिनसाखरेचा चहा पिणारे काय कमी आहेत, मी स्वतःला समजावलं.

मग ती मला परसात घेऊन गेली. सुपारीच्या झाडावर पानवेल चढली होती. "ये दादा ने बाँधा था," ती म्हणाली. केळीच्या सोपाने, खोडाच्या सुकलेल्या सालीने, सैलसर बांधलेली, गाठ आत दडवलेली, वेलीला काचू नये म्हणून. उमेळ्याच्या वाडीत सुहास अगदी असंच बांधायचा. त्याने मला कितीदा शिकवलं, माझी गाठ कधी टिकली नाही. मी हात लावून बघितला. सोप जुना होता, उन्हाने कडक झालेला.

मागच्या सरस्वती पूजेला सुहासला जाऊन काही महिने झाले होते. आणि मी? मी त्या दिवसांत घर आणि सातिवली यापलीकडे कुठेही गेले नव्हते.

मोबाईलमधला त्याचा फोटो मी तिला दाखवला. तिने ओला हात पदराला पुसला, फोटो जवळ धरून पाहिला. हो, हेच, म्हणाली. रोज सकाळी लांबपर्यंत पोहायला जायचे. शेवटच्या वर्षात आमचा एक मजला चढताना थांबून श्वास घेणारा सुहास...

तो नाही आता, हे मी तिला सांगितलंच नाही. सुट्टी मिळाली नाही, एवढंच म्हटलं. ते म्हणताना बरं वाटलं. मग विचारलं, "और मैं? मैं कैसी थी?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असणार. "आप तो बहुत हँसती थीं दीदी," ती म्हणाली.

किनाऱ्यावर एक पडलेलं झाड होतं, आम्ही संध्याकाळी त्यावर बसायचो असं तिनेच सांगितलं. उरलेले सगळे दिवस मी तिथे जाऊन बसले. काही दिसलं नाही, कसला आवाज आला नाही. निळं पाणी, ओली वाळू आणि मी. इतकं सुंदर ठिकाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

परत आल्यावर बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, दुसरं कुणी जोडपं असेल, त्या बाईची गफलत झाली असेल. असेलही. पण ती आत दडवलेली गाठ मी ओळखते. सुहास तिथे कसा पोचला, हे कोडं मी एक वेळ सोडूनही देईन. पण ती म्हणते मीही होते, खूप हसत होते. मग त्यातला एकही दिवस मला का आठवत नाही?