दुभाष्याची खुर्ची

भिलाईतल्या ज्या कंपनीत मी परदेशी पाहुण्यांची व्यवस्था पाहतो, तिथे रशियन भाषेचे दोन दुभाषी होते: एक बाई आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक तरुण. रशियाच्या उपमंत्र्यांचे शिष्टमंडळ यायचे होते. मुख्य बैठकीत दुभाषी कोण, हे ठरवणे माझ्याकडे होते. मी तरुणाला निवडले. बाईंकडे पाहुण्यांच्या पत्नींना सिविक सेंटरला खरेदीसाठी नेण्याचे काम दिले.

बाई विदर्भातून इथे आलेल्या कामगाराच्या कन्या. ऑफिसात हिंदी बोलत. माझ्याशी मात्र घरची मराठी.

“कावून सर?”

“बैठकीनंतर जेवण आहे. पेले उंचावत ती मंडळी उशिरापर्यंत बसतात. तुमच्या घरचे काळजी करतील.”

“माह्या घरून तुमाले फोन आला का?”

“तसं नाही...”

“मंग ज्याले मी शिकवलं, तो मंत्र्याजवळ बसन. अन् मी बायकायले साडीचा पदर समजावून देऊ?”

मी हसून वेळ मारून नेली. काळजी वगैरे काही नव्हती. मंत्र्यांच्या चर्चेत बाईचा आवाज आमच्या मोठ्या साहेबांना कसा वाटेल, एवढीच धास्ती होती. साहेब तर काही म्हणालेही नव्हते. त्यांच्या वतीने मीच ठरवून टाकले होते.

तरुणाने काम चोख केले. आमच्याकडे रीत अशी, की ज्याचा आवाज पाहुण्यांच्या सवयीचा झाला, तोच पुढच्या बैठकांना जातो. दिल्लीला तोच गेला, मॉस्कोलाही. ही रीत निवड करतानाही मला ठाऊक होती. बाईंनी पुढे नोकरी सोडली. आता त्या इथल्याच कोहका वस्तीत, डॉक्टरकी शिकायला रशियाला निघालेल्या मुलांना भाषा शिकवतात.

यंदा पुन्हा शिष्टमंडळ येणार असे कळले, तेव्हा दुभाषी म्हणून याल का, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो.

“बैठकीतच बसीन सर. बाजारात नाही,” त्या म्हणाल्या. मी शब्द दिला आणि त्यांचे नाव साहेबांपुढे ठेवले.

“मंत्री पातळीवरच्या बैठकीचा अनुभव आहे त्यांना?”

“नाही,” मी म्हणालो.

तो अनुभव का नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते. साहेब पेन हातात धरून थांबले होते. मी तरुणाचे नाव सांगितले.

बाईंना अजून फोन केलेला नाही.