गाविलानचा माणूस अजून आत आहे

कॉन्सेप्सिओनमध्ये दुपारची जेवणं उरकली की गाव डोळे मिटतं. दुकानांची दारं ओढली जातात, आंब्याखालची कुत्री अनोळखी माणसावरही भुंकत नाहीत. नदी तेवढी जागी असते. आणि बंदरालगतच्या बार्ज कंपनीच्या मागल्या खोलीत सुनिल्दा बेनेगास जागी असे.

तिचं काम गाव झोपल्यावरच सुरू व्हायचं. नदीकाठच्या सगळ्या धक्क्यांवरची माणसं एकाच सिस्टीममध्ये लिहीत. आज पाणी किती, गुरं किती चढली, डिझेल किती उतरलं. ती सिस्टीम या खोलीतल्या सर्व्हरवर नांदायची. राजधानीत, असुन्सिओनला, शिकलेली पोरं तिच्यात दुरुस्त्या करत आणि सगळा कारभार एका फाइलीत बांधून इकडे पाठवत. गाठोडंच ते. सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरात टाकलं की तिथला जावा नावाचा प्रोग्राम स्वतःच गाठ सोडतो, आतलं सामान मांडतो आणि दुकान उघडतो. पण नवं मांडायचं तर जुनं आधी उचलावं लागे, आणि जुनं उचललं की त्यात जे कोणी लिहीत बसलेले असतील ते क्षणात बाहेर. अर्धवट लिहिलेलं सगळं पाण्यात.

म्हणून आधी हाक द्यायची. सुनिल्दाला हे काम ज्याने शिकवलं तो इंजिनिअर केव्हाच ब्राझीलला निघून गेला होता. नवरा त्याच्याही आधी गेला, ब्वेनोस आयरेसला गवंडीकामाला, आणि तिकडेच त्याने दुसरा संसार मांडला. मुलगी नोएलिया स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची. दर रविवारी फोन करायची आणि घाईत असायची. उरला होता सर्व्हरचा पंखा. तो एकसारखा घूं करत असायचा, आणि सुनिल्दाला कधी कधी वाटायचं, घरात कोणीतरी घोरतंय. तेवढंही बरं वाटायचं.

बाकीच्या धक्क्यांना फोनवर निरोप गेला की भागे. पण वरच्या अंगाला, जिथे काठावर झाडं आणि बगळेच आहेत, तिथे पुएर्तो गाविलान नावाचा धक्का होता. तिथे फोन पोचत नव्हता. छतावरच्या तबकडीतून सिस्टीमचं पान कसंबसं यायचं, माणसाचा आवाज येत नसे. त्या धक्क्यावर एकटा राहणारा म्हातारा होता एपिफानिओ. सगळे त्याला मानाने काराई म्हणत. त्याला हाक द्यायची ती रेडिओवरून.

"गाविलान, गाविलान. काराई एपिफानिओ, उतरवतेय हो."

"काय उतरवतेस, पोरी? नदी का सिस्टीम?"

"नदी माझ्या हातात असती तर मी इथे बसले असते का? सिस्टीम."

"मग आधी मला उतरू दे. म्हाताऱ्या माणसाला पायरी दिसायला वेळ लागतो."

नदीवरच्या लोकांना चढणं आणि उतरणं या दोन शब्दांवर जन्म काढता येतो. पाणी चढतं, गुरं चढतात, भाव चढतो, सिस्टीमही चढते. एकदा खालच्या एका धक्क्यावर नवी लागलेली कारकून बाई निरोप ऐकून घाबरली होती. "उतरलंय, संध्याकाळपर्यंत चढेल," एवढंच तिला कळलं. तिने कुंपण उघडून शंभरेक गुरं टेकडीवर पिटाळली आणि स्वतः छपरावर जाऊन बसली. तेव्हापासून नदी का सिस्टीम हे विचारल्याशिवाय कोणी हलत नसे.

नवं गाठोडं सुटून मांडलं जाईपर्यंत रेडिओ उघडाच राही. मग म्हातारा विचारायचा, "काय खाल्लंस?"

"मक्याचा सोपा केला होता. चीज घालून."

खोटंच. एकटीसाठी कोण मक्याचं पीठ कालवून भट्टी पेटवतंय! पण विचारलं जातंय तर उत्तर चांगलं द्यावं, असं तिला वाटे. तो त्याच्या उकडलेल्या मांडिओका कंदाचं आणि सुरुबी माशाचं सांगायचा. मासा रोज मोठा होत जायचा. मध्येच नदीवरून कप्तान तोरालेसचा आवाज घुसायचा. हा टगबोट हाकणारा माणूस सगळ्यांचं ऐकत असे.

"नुसते उतरताय काय दोघं? एकदा चर्चची पायरी चढा की!"

"तोरालेस, तू तुझी बोट बघ. बोलण्याच्या नादात वाळूत रुतशील."

सुनिल्दाने म्हाताऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं मनातही आणलं नाही. आवाज पुरेसा होता.

मग एक दिवस असुन्सिओनहून लिसेन्सियादा मारेकोसचा फोन आला. लिसेन्सियादा म्हणजे पदवीवाली; ही तिथल्या पोरांची प्रमुख, वयाने सुनिल्दाच्या मुलीएवढी, बोलायला गोड, सुनिल्दाला मानाने न्या म्हणणारी.

"न्या सुनिल्दा, आता लोकांना हाका मारत बसायचं काम संपलं. नव्या गाठोड्याच्या नावामागे फक्त एक आकडा जोडा. सर्व्हर जुनं न उचलता नवं शेजारी मांडेल. आत बसलेले जुन्यातच राहतील, नंतर येणारे नव्यात जातील. जुन्यातला शेवटचा माणूस बाहेर पडला की ते आपोआप आवरलं जाईल. कोणाला कळणारसुद्धा नाही!"

"कळणारच नाही?"

"तेच तर चांगलं आहे ना."

"हो," सुनिल्दा म्हणाली. "चांगलंच आहे."

रेडिओला मग काम उरलं नाही. दोन माणसं आली, पेटी उचलली, छपरावरची तार गुंडाळली. जाताना एकाने विचारलं, "न्या, यावर गाणी लागतात का?" तिने नाही म्हटलं.

पुढचं गाठोडं तिने आकडा जोडून मांडलं. झोपलेल्या माणसाखालची सतरंजी बदलावी आणि त्याची झोप मोडू नये, तसं झालं. एकेक धक्का जुन्यातून बाहेर पडला आणि परतताना नव्यात शिरला. कोणाला पत्ता नाही. एवढं नीट काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि एवढ्या शांततेत तर नाहीच.

फक्त जुनं गाठोडं जागचं हललं नाही. त्याच्यापुढे आकडा होता एक. एक माणूस आत.

कोण ते तिला न बघताही कळलं. एरवी कोणी बराच वेळ गप्प बसला की सर्व्हर त्याला बाहेर काढतो. पण गाविलानच्या पानावर पाण्याची पातळी थोड्या थोड्या वेळाने आपोआप ताजी होत असे. त्यामुळे सर्व्हरला वाटायचं, माणूस जागा आहे. रोज सकाळी गाविलानहून पातळीही लिहून येत होती, म्हणजे म्हातारा बरा होता. मग बाहेर का येत नाही?

कारण तिनेच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी तो मनाला येईल तेव्हा बाहेर पडायचा आणि अर्धी गुरं लिहायची राहायची. तेव्हा ती रेडिओवर ओरडली होती, "काराई, माझी हाक आल्याशिवाय उतरायचं नाही!" तो उतरत नव्हता. हाक आली नव्हती.

आणखी गाठोडी आली, मांडली गेली, रिकामी होऊन आवरली गेली. सगळ्यांत जुनं तेवढं तळाशी जागा अडवून बसलं होतं, आत एका माणसासाठी दिवा लावून. मशीन जड झालं. धक्क्यांवरून टोमणे येऊ लागले. "न्या सुनिल्दा, सिस्टीम मांडिओका खाऊन झोपली काय?"

लिसेन्सियादाचा फोन आला. "त्या एका माणसाला काढा ना. एक बटण दाबायचं."

"तो लिहीत असला तर?"

"पुन्हा लिहील. न्या, उद्या दुपारपर्यंत नाही जमलं तर मी इथून काढते."

सुनिल्दाने बटणावर बोट ठेवून पाहिलं. तिकडे म्हाताऱ्यासमोरचं पान एकदम विझेल, कोणी काही न बोलता. त्याला वाटेल, हाक न देता उतरवलं. म्हणजे आपली आठवण कोणाला राहिली नाही. हे दुसऱ्या कोणाच्याही हातून घडावं असं तिला वाटेना, आणि स्वतःच्या हातून तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी गाव झोपलं तेव्हा ती उन्हात बाहेर पडली. धक्क्याला तोरालेसची टगबोट लागली होती.

"न्या सुनिल्दा! या उन्हात? कोणी मेलं काय?"

"रेडिओ द्या, कप्तान."

"बसा तरी. तेरेरे घ्या, थंड आहे."

"आधी रेडिओ."

त्याने माइक तिच्या हातात दिला.

"गाविलान, गाविलान."

खरखर. नुसतीच खरखर. मग आवाज.

"कोण?"

"मी."

मग म्हातारा म्हणाला, "मला वाटलं तू मेलीस."

"माझा रेडिओ नेला हो."

"माझाही न्यायला आले होते. मी कुत्रं सोडलं अंगावर."

तोरालेस हसला. सुनिल्दाला हसू आलं नाही.

"काराई, उतरवतेय."

त्याने नदी का सिस्टीम हे विचारलं नाही. "थांब, चष्मा लावतो," म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "उतरलो. चढू केव्हा?"

"आत्ताच चढा. आता थांबावं लागत नाही. नवं आणि जुनं शेजारी शेजारी असतं. तुम्ही मनाला येईल तेव्हा उतरा, मनाला येईल तेव्हा चढा. मी सांगायचीही गरज नाही."

"गरज नाही ते समजलं. तू सांगणार का नाही, ते बोल."

एरवी प्रत्येक गोष्टीला थट्टा तयार ठेवणारा तोरालेस उठला आणि दोरखंड बघायला बाहेर गेला.

"सांगेन," सुनिल्दा म्हणाली.

"कशावरून सांगशील?"

"या बोटीवरून. तोरालेस असेल तेव्हा."

"तो कधी असतो, कधी नसतो."

"मग असेल तेव्हा."

"बरं," म्हातारा म्हणाला. "मी आत बसतो."

ती खोलीत परतली तोवर जुनं गाठोडं स्वतःला आवरून गेलेलं होतं. लिसेन्सियादाने फोनवर विचारलं, "गेला का तो?"

"उतरला."

"उत्तम! आता पुन्हा असं व्हायला नको हं."

सुनिल्दाने हो म्हटलं.

नवं गाठोडं आलं तेव्हा टगबोट सोयाबीनचे बार्ज ओढत खाली अर्जेंटिनाकडे गेली होती. ती कधी परतेल ते पाण्यावर. सुनिल्दाने नावाला आकडा जोडला, जुन्याशेजारी नवं मांडलं. माणसं एकेक करून इकडून तिकडे गेली. जुन्यात एकजण राहिला.

तिने थर्मासमधलं बर्फाचं पाणी गुआम्पात, म्हणजे शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर, ओतलं. तेरेरे म्हणजे हातोहात फिरवायची वस्तू. तू घे, मी घेते. तिने भरलं, प्यायली, पुन्हा भरलं, पुन्हा तीच प्यायली. पडद्यावरचा एक आकडा हलला नाही. तिने त्याला हातही लावला नाही.

ऊन कललं तशी ती धक्क्यावर गेली. बोट बांधायचे खुंटे मोकळे होते. खालच्या वळणापर्यंत पाणी रिकामं होतं. थोडा वेळ उभी राहून ती परत फिरली. सिस्टीम पुन्हा जड होईपर्यंत अजून अवकाश होता.